पायांना पंख्यांची जोड हवी, आणि पैसे मे महिन्यात: तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात मुलांना मेकॅनिकल शिकवतो. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर रस्ता नसल्याने जेसीबी खालीच अडले. बचावपथकं भर पावसात चिखल तुडवत पायी चढली. ते चित्र माझ्या मुलांच्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी गुडघाभर उंचीचा, दोन पायांचा रोबो बनवला. वर्गातल्या फरशीवर तो छान चालायचा. आषाढात कॉलेजमागच्या कातळावर नेला आणि शेवाळावर तिसऱ्याच पावलाला आपटला. डाव्या गुडघ्याची मोटर जळाली.

साहेब, रोबोचं वजन वाढवून इथे भागत नाही. उतारावर तेच वजन खालीही ओढतं. पाय धरायला हवा तर अंग उताराच्या आत दाबलं गेलं पाहिजे. कोंबडीचं पिल्लू ओल्या गडग्यावर चढताना बघा, पाय धावतात आणि पंख फडफडत असतात. केनेथ डायल या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये चकोर पक्ष्यांवर हेच दाखवलं: चढावर पंखांचा जोर पाय घसरू न देण्याच्या कामी येतो. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा 'हार्पी' हा रोबो पाय आणि पंखे अशा जोडीवरच बेतलेला आहे. तिथल्याच कॅलटेक या विद्यापीठाचा 'लिओनार्डो' रोबो 2021 मध्ये जगापुढे आला. उंची जेमतेम अडीच फूट, चार पंखे, आणि ताणलेल्या पट्ट्यावरून तोल सावरत चालतो. अडलं तर उडतो. बॅटरी मात्र भरपूर खातो, हे मान्य करायलाच हवं.

नुसता ड्रोन का नको? हवेत राहायचं तर पंख्यांना सगळं वजन सतत पेलावं लागतं. पाय टेकले की तो भार उतरतो.

पायांना पंख्यांची जोड देणाऱ्या रोबोचा आमचा प्रस्ताव एका कार्यालयातून दोनदा परत आला. शेरा एकच, 'प्रत्यक्ष उपयोग स्पष्ट नाही'. तिसऱ्यांदा थोडा निधी मंजूर झाला तो फेब्रुवारीत, आणि 31 मार्चच्या आत खर्च करायचा! तेव्हा कातळ तापलेला असतो, शेवाळाचा मागमूस नसतो. चाचणी करायची कशावर?

म्हणून दोनच मागण्या. अशा कामाचा निधी मे महिन्यात हाती यावा आणि दिवाळीपर्यंत वापरता यावा. आणि जांभ्याचा एक उघडा उतार चाचणीसाठी कॉलेजांना मिळावा. जागा आम्ही हेरून ठेवली आहे. श्रावणात आलात तर मुलं स्वतः चढून दाखवतील, पाय कुठे सुटतो ते.

आपला,
मेकॅनिकलचा एक शिक्षक, रत्नागिरी