राखीव म्हणजे मागे ठेवलेले नव्हे

जकार्ता,
१९ डिसेंबर

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

तू विचारले आहेस की राखीव फौज शेवटी वापरायची असते, मग इंडोनेशियाच्या सैन्याची 'कोस्त्राद' ही राखीव फौज राजधानीत अगदी पुढ्यात कशी? घोटाळा 'राखीव' या शब्दात आहे. फोंड्यात राखीव म्हटले की आयआरबीचे (इंडिया रिझर्व्ह बटालियन) पोलीस आठवतात, नाहीतर पेन्शनवर आलेले आणि गरज पडल्यास परत बोलावता येणारे फौजी. कोस्त्राद यांतली नाही. ती पूर्णवेळची, सतत सरावात असलेली फौज आहे. तिला सांभाळायला स्वतःचा मुलूख नाही, एवढ्याच अर्थाने ती राखीव.

बाकीचे सैन्य मुलखाला बांधलेले असते. देशभर 'कोडाम' नावाचे प्रादेशिक विभाग आहेत आणि त्यांची उतरंड थेट गावात नेमलेल्या सैनिकापर्यंत जाते. अशा व्यवस्थेत जकार्ताहून ३,७०० किलोमीटरवर, म्हणजे पणजी ते दिल्लीच्या अडीचपट अंतरावर, पापुआत काही पेटले तर कुठल्यातरी कोडामची माणसे उचलावी लागतात आणि तिथे खिंडार पडते. दुसरी अडचण त्याहून वाईट. १९५८ मध्ये सुमात्रा आणि सुलावेसीत प्रादेशिक सेनाधिकारीच बंडात उतरले. म्हणून सेनाप्रमुख नासुतिओन यांनी थेट केंद्राच्या हातातली फौज उभी करायला घेतली. ६ मार्च १९६१ हा तिचा स्थापनादिन, पहिले सेनापती सुहार्तो. 'कोस्त्राद' हे नाव १९६३ चे. तिचे सैनिक स्वतःला 'धर्मपुत्र' म्हणवतात आणि तिची ओळख 'चक्र'. नावे महाभारतातली असली तरी कारभारात धर्मराज शोधू नकोस.

आजची तारीख मुद्दाम वर घातली आहे. १९ डिसेंबर १९६१ ला आपल्याकडे पणजी घेतली गेली आणि त्याच दिवशी जावातल्या योग्यकर्त्यात राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी डचांकडून पश्चिम इरियन, म्हणजे आजचे पापुआ, सोडवण्याचा आदेश जाहीर केला. तिकडे १५ ऑगस्ट १९६२ ला करार झाला, त्यामुळे मोठा हल्ला झालाच नाही. आपल्या बाजूला मात्र राखीव दल कसे वापरतात ते दिसले. मुख्य घाव १७ इन्फन्ट्री डिव्हिजन पूर्वेकडून घालणार होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडकडे उत्तरेचे दुय्यम काम होते. ती आली दोडामार्गच्या बाजूने, जमिनीवरून; छत्री एकही उघडली नाही. २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे, १ पॅरा बाणस्तारीकडे, तर २ सिख लाइट इन्फन्ट्री थिवीमार्गे बेतीला. पूल उडवलेले असले की अवजड फौज अडून बसते. हलकी फौज होडीने पार होते. मांडवी तशीच ओलांडली आणि दुय्यम कामावरची ब्रिगेड पणजीत आधी पोचली.

आता कोस्त्रादच्या छावण्या नकाशावर खुणा करून बघ. १७ वी पॅरा ब्रिगेड जकार्तातल्या चिजांतुंगला, जवळ हालिमचा विमानतळ. १८ वी पूर्व जावातल्या मलांगला, तिथेही हवाई दलाचा तळ. ३ री ब्रिगेड दक्षिण सुलावेसीतल्या मारोसला, शेजारी मकास्सरचा विमानतळ. सैन्य वाहून नेणारी हर्क्युलिस विमाने हालिम, मलांग आणि मकास्सरलाच असतात. छावणी ते धावपट्टी एवढ्यातच चार तास गेले तर तत्पर दल ठेवून उपयोग काय?

पण विमाने जवळ असली म्हणून काम भागत नाही. हिशोब करून बघ. एका साध्या हर्क्युलिसमध्ये ६४ छत्रीधारी बसतात. ७०० जणांच्या बटालियनला अकरा विमाने लागली, तीही जीप-तोफा सोडून. उड्या मारताना विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ६७ मीटर. दोन दारे, प्रत्येक दारातून सेकंदाला एक माणूस. ६४ जण बाहेर पडायला ३२ सेकंद, तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे गेलेले. त्यामुळे उतरण्याचे मैदान दोन किलोमीटर लांब नसेल तर शेवटची माणसे भलतीकडे पडतात. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाच्या छत्रीधाऱ्यांना दिली शहरात हेच भोवले. (हा पोर्तुगीज तिमोर, ज्याचा कारभार एके काळी गोव्यातून चाले.) दिली म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्यामधली चिंचोळी पट्टी. काही जण समुद्रात पडून बुडाले.

रणगाड्यांची गोष्ट निराळी. लेपर्ड-२ साठ टनांच्या घरात, हर्क्युलिसची ताकद वीस टनांपर्यंत. तो जहाजानेच जाणार. म्हणजे तातडीला पोचतात ती फक्त माणसे आणि त्यांच्या पाठीवरचे सामान.

राहिला राजधानीचा प्रश्न. त्याचे उत्तर १९६५ मध्ये आहे. १ ऑक्टोबरच्या पहाटे लष्करातल्या एका कटात सहा जनरल मारले गेले. कट करणाऱ्यांच्या दोन बटालियन, ४५४ आणि ५३०, जकार्तातल्या मेर्देका चौकात उभ्या होत्या. त्यांनी तीन बाजू धरल्या आणि पूर्वेची मोकळी ठेवली. कोस्त्रादची कचेरी नेमकी तिथे! मारायच्या जनरलांच्या यादीत सुहार्तोंचे नावही नव्हते. शिवाय चौकातल्या सैनिकांच्या जेवणाची सोय कोणी केलीच नव्हती. दुपारनंतर ५३० बटालियन भुकेली, तहानलेली, मुकाट्याने कोस्त्रादच्या आवारात गेली. गोळी झाडावी लागली नाही. रात्रीपर्यंत शहर सुहार्तोंच्या हातात होते आणि पुढे देशही, १९९८ पर्यंत. बंडखोर प्रांतांवर पाठवायला केलेली फौज राजधानीत, एकाच माणसाच्या हुकमात राहिली की असे होते. सुहार्तो १९९८ च्या मे महिन्यात पायउतार झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोस्त्रादचे सेनापती बदलले गेले, ते उगीच नव्हे. तेव्हाचे ते सेनापती प्राबोवो आज राष्ट्राध्यक्ष आहेत.

हे तुझ्या निबंधाला पुरे व्हावे. आजोबांना साष्टांग नमस्कार सांग. दोडामार्गच्या आत्याकडे गेलास की पत्र तिलाही दाखव.

तुझा,
काका

ता. क. : कोस्त्रादची तिसरी डिव्हिजन २०१८ मध्ये पूर्वेकडच्या बेटांसाठी उभी राहिली. तिचा पत्ता आजोबांना मोठ्याने वाचून दाखव : पाकात्तो, जिल्हा गोवा, दक्षिण सुलावेसी. इथले लोक उच्चार अगदी तसाच करतात.