बाराशे पानांचा अर्ज

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू राहतेस त्या कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात जवळजवळ बाराशे पानांचा एक अर्ज आहे. लोक त्याला ग्रंथ म्हणतात. मी मात्र तीस वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले, मला तो अर्जच वाटतो.

लिहिणारा पेरूचा मूळ रहिवासी, फेलिपे ग्वामान पोमा. तेव्हा पेरूवर स्पेनचं राज्य होतं. १६१५ च्या सुमारास त्याने तो स्पेनचा राजा तिसरा फिलिप याच्या नावे पुरा केला. वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत वेठीला धरलेली माणसं, विणायला बसवलेल्या बाया, मारकुटे पाद्री, सगळं त्यात आहे. शिवाय ३९८ चित्रं.

पानं इंटरनेटवर आहेत. एक चित्र मी मोबाइलवर मोठं करून कितीदा तरी पाहिलं. मधोमध हात जोडून गुडघे टेकलेला गरीब माणूस, भोवती सहा जनावरं. साप म्हणजे स्पॅनिश अंमलदार, कोल्हा म्हणजे पाद्री. उंदीर म्हणजे मूळ रहिवाशांचाच मुखिया, आपल्या माणसालाही ग्वामान पोमाने सोडलं नाही. आणि मांजर म्हणजे कागद लिहिणारा कारकून. तिथे माझं बोट थांबलं. वाचता न येणाऱ्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव कसं चढतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय गं.

ग्वामान पोमाचंही तेच झालं होतं. वडिलोपार्जित जमिनीसाठी तो वर्षानुवर्षं भांडला. १६०० साली निकाल लागला तो दोनशे फटके आणि दोन वर्षं हद्दपारी. त्यानंतर हा माणूस एवढा कागद लिहायला बसतो, आणि मागतो काय, तर सगळ्यांच्या जमिनी परत द्या, आमचा कारभार आम्हाला करू द्या. मिश्र रक्ताच्या मुलांबद्दल त्याने कडवट लिहिलंय, ते मला मुळीच पटलं नाही. पण राजा आपल्याला प्रश्न विचारतोय आणि आपण उत्तरं देतोय, असा संवादच त्याने लिहून ठेवलाय, तो वाचताना माझा गळा दाटून आला.

१९०८ मध्ये रिचर्ड पीचमान नावाच्या जर्मन अभ्यासकाला हा अर्ज तुझ्या कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडला. म्हणजे तीनशे वर्षांनी.

सवड काढून जाऊन ये. मूळ कागद दाखवतात का विचार. दाखवला तर खाडाखोड कुठे आणि कशी केलीय ते नीट बघून मला कळव, मोबाइलवर तेवढं दिसत नाही.

तुझे बाबा