तपकीर गल्लीतल्या काकांना, मामाच्या क्वाडबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुरे, चहा सांग" म्हणता आणि विषय मिटवता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

मामाचा ॲम्प्लिफायर सोलापुरी चादरीत गुंडाळून मी तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला तेव्हा पाऊस पडत होता, आणि तुम्ही आधी चादर बाजूला करून डबा कोरड्या फडक्याने पुसलात. क्वाड या इंग्लिश कंपनीचे दोन नग होते: क्वाड ३३, म्हणजे इनपुट आणि आवाज जुळवणारा प्रीॲम्प, आणि क्वाड ३०३, म्हणजे स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प. मामा इंग्लंडमधल्या इस्पितळातली नोकरी सोडून १९७४ साली पुण्याला परतला, तेव्हा ते त्याच्या सामानात आले. तो गेल्यावर सव्वीस वर्षं माळ्यावर पडून होते. तुमच्याआधी मी दोन दुकानं फिरले होते. एकाने हात लावला नाही. दुसरा म्हणाला, "आतलं सगळं काढून नवीन किट टाकतो, बाहेरून जुनाच दिसेल." मी जवळजवळ हो म्हणून आले होते.

तुम्ही झाकण काढलंत, वाकून वास घेतलात आणि विचारलंत, "किती वर्षं वीज नाही लागली याला?" मी सांगितलं. "मग आजच कशाला लावायची?" त्या दिवशी खरंच लावली नाही. फ्यूज मात्र बघितलात. फ्यूजच्या जागी कुणीतरी कधीतरी तांब्याची तार पिळून घातली होती. ती चिमट्याने काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. ती तार अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

मला वाटलं होतं, ॲम्प तुमच्याकडे ठेवायचा आणि पंधरा दिवसांनी न्यायला यायचं. तुम्ही म्हणालात, "ठेवू नकोस. शनिवारी घेऊन ये, आणि तूच बस." पुढचे नऊ शनिवार तुमच्या शेजारच्या स्टुलावर गेले.

सिरीज बल्बबद्दल मी आधी ऐकलंही नव्हतं. मुख्य वायरीत साठ वॅटचा साधा, तारेचा बल्ब जोडायचा आणि त्यातून यंत्राला वीज द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. नसेल तर कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मंदावतो. आमचा बल्ब उजळला, मंदावला, आणि तुम्ही श्वास सोडलात. तेव्हा मला कळलं की तुम्हीही श्वास धरून बसला होतात.

मग मोजमाप. मी घरून नव्या कंडेन्सरची भलीमोठी यादी करून आणली होती, सगळेच बदलायचे म्हणून. ती तुम्ही घडी घालून गल्ल्यात ठेवलीत. "मोज. जो बिघडलाय तो स्वतः सांगेल." ३०३ चा पुरवठा ६७ व्होल्टचा असायला हवा, आपल्याकडे ७० च्या वर दाखवत होता. बोर्डावरचा प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, केसाएवढा फिरवून मी तो जागेवर आणला. उजव्या चॅनेलचा मध्यबिंदू, म्हणजे आउटपुटवरचा स्थिर व्होल्टेज, पुरवठ्याच्या निम्मा, ३३.५ च्या आसपास मिळाला, डावा मात्र २१ वर अडकलेला. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत. मी एकेका कंडेन्सरचा एक पाय सोडवून गळती बघत गेले, आणि तिसऱ्या शनिवारी तो सापडला, इनपुटजवळचा, शेंगदाण्याएवढा. तो बदलल्यावर डावा चॅनेल ३३.४ वर आला. त्या दिवशी मी रिक्षा न करता शनिवार पेठेपर्यंत चालत गेले.

एक शनिवार मात्र वेगळ्या कारणाने लक्षात आहे. वीज बंद केली होती, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट मोठ्या कंडेन्सरकडे वळले. तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग काही न बोलता वायरवाउंड रेझिस्टर दोन टोकांना लावून साठलेली वीज जिरवलीत आणि मीटरचा आकडा खाली येताना दाखवलात. ६७ व्होल्ट ऐकायला लहान वाटतात. एवढ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये साठले की स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळवतात. त्या वेळी रागावून एक शब्द बोलला असतात तर मी पुन्हा आले नसते, काका.

स्पीकरच्या वाटेतले दोन मोठे कंडेन्सर, प्रत्येकी २००० मायक्रोफॅरडचे. एक १९०० च्या पुढे होता, दुसरा ७०० वर आलेला. तुम्ही लिफाफ्याच्या पाठीवर गणित मांडलंत: आठ ओहमच्या स्पीकरला २००० मायक्रोफॅरड म्हणजे खालची हद्द साधारण १० हर्ट्झ, ७०० झाला की २८ च्या वर. म्हणजे एका कानाला तंबोऱ्याचा खर्ज पूर्ण आणि दुसऱ्याला जरासा कमी. इथे मात्र १९०० वाला चांगला असूनही बदलायचा, जोडी म्हणून. तुमच्या नियमाला हा एकच अपवाद पाहिला, आणि त्याचं कारणही तुम्ही आकड्यांत दिलंत.

आउटपुट ट्रान्झिस्टर तेच ठेवले. १९६७ साली बाजारात आलेल्या यंत्राचे मूळ ट्रान्झिस्टर अजून धड कसे, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही त्या तीन-तीनच्या जुळणीचं चित्र काढलंत. तीन ट्रान्झिस्टर मिळून एकासारखे वागतात, त्यामुळे बाहेरचा तापला तरी आवाज नसताना वाहणारा स्थिर प्रवाह भरकटत नाही. क्वाड बनवणाऱ्या पीटर वॉकर यांच्या कंपनीने इंग्लंडमधल्या हंटिंग्डनमध्ये बसून केलेली ही आखणी तुम्ही बुधवार पेठेत बसून, कुठल्याही वर्गात न जाता, नुसत्या बोर्डावरून वाचलीत. माझ्या शाळेतल्या मुलांना मी हे दोनदा सांगितलं आहे.

आणि ३३! सगळं झाल्यावर घरी रेकॉर्ड लावली तर आवाज बारीक आणि किरटा, खर्ज नावालाही नाही. मला रडू आलं. फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "मामाच्या टर्नटेबलला पिकअप कुठला होता?" पिकअप म्हणजे सुईचा भाग. त्याचा सिरॅमिक होता. माझ्या टर्नटेबलला मॅग्नेटिक आहे. ३३ च्या मागे रेकॉर्डच्या इनपुटचा छोटा बोर्ड आहे, तो काढून फिरवून वेगवेगळ्या तऱ्हेने बसवता येतो, दर वेळी वेगळ्या पिकअपसाठी. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, मॅग्नेटिक पिकअपला तो ॲम्पने परत उचलून द्यावा लागतो. सिरॅमिकला तेवढा उचलून द्यावा लागत नाही. मामाने बोर्ड सिरॅमिकच्या बाजूने बसवला होता आणि तो तसाच होता. मी उपसला, फिरवला, दाबला. एक पैशाचा सुटा भाग न लागता मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज खोलीत उभा राहिला.

सीडीची कथा त्याहून लहान. बाजारातून आणलेल्या डिन केबलमध्ये, म्हणजे गोल, पाच पिनांच्या जोडणीच्या केबलमध्ये, तारा रेकॉर्डिंगच्या १ आणि ४ या पिनांवर होत्या, वाजवायला त्या ३ आणि ५ वर हव्यात. ती मी स्वतः शोधली आणि स्वतः डाख दिला. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

३३ वरचा तो वरची खरखर कापणारा फिल्टर, ५, ७ आणि १० किलोहर्ट्झचा, सोबत किती तीव्र कापायचं ते ठरवणारं उताराचं वेगळं बटण, मामाच्या खरखरणाऱ्या रेकॉर्डींना वरदान आहे. आजच्या महागड्या यंत्रांवर ही सोय का देत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही सुट्या भागांचे तेवढे पैसे घेतलेत. शेवटच्या शनिवारी तुमचा जुना काट्याचा मीटर पिशवीत टाकलात आणि म्हणालात, "डिजिटलवर आकडा दिसतो, यावर हलणं दिसतं." मी तो वापरते. गेल्या महिन्यात शेजारच्या आजोबांचा रेडिओ त्यावर तपासला. आधी सिरीज बल्ब लावून.

काका, तुम्ही मामाचा ॲम्प अजून नीट वाजताना ऐकलेला नाही. दुकानातल्या चार इंची टेस्ट स्पीकरवर ऐकला, ते धरत नाही. या रविवारी चारला या. जिना तीन मजल्यांचा आहे, मी खाली घ्यायला येईन. ॲम्प अर्धा तास आधी चालू करून ठेवते. डावा चॅनेल परवा ३३.१ दाखवत होता, तेही एकदा तुमच्या डोळ्यांखालून जायला हवं.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी