त्याला भस्मासुर म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या आपल्या परवाच्या लेखात 'फ्रँकेन्स्टाईन नावाचा भस्मासुर' असा उल्लेख आहे. फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नव्हे, त्याला घडवणाऱ्या तरुणाचं नाव. राक्षसाला 'फ्रँकेन्स्टाईन' ही कादंबरी लिहिणाऱ्या मेरी शेलीने नावच दिलेलं नाही. ही चूक जगभर होते, तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. मला खटकला तो भस्मासुर.

आखाजीला लेक माहेरी आली, तेव्हा नात ही कादंबरी इथे विसरून गेली. पारा ४४ वर, पंखा गरम वारा फेकतोय, आणि घरातून "या उनमा काय भूतनं पुस्तक वाची राहिनात?" चालूच. चार दिवसांत संपवली. गंमत म्हणजे ही गोष्ट सुचली ती उन्हाळाच न झालेल्या वर्षी. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ मध्ये युरोपात धड ऊनच पडेना. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायची पैज लावली. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. पुस्तक जानेवारी १८१८ मध्ये निघालं, तेही लेखिकेच्या नावाविना. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी आमचं थाळनेर घेतलं आणि किल्लेदाराला फाशी दिली. ते १८१८ आम्हाला लहानपणापासून ठाऊक, हे दुसरं आता कळलं.

मी जन्मभर वायरमन. सिनेमात वीज कडाडते नि मुडदा उठून बसतो, याला आम्ही सबस्टेशनवर पोट धरून हसायचो. पुस्तकात तसं नाहीच. बाई एका ठिणगीचा उल्लेख करते आणि पुढे जाते. १९३१ च्या सिनेमाने त्याच्या मानेत बोल्ट ठोकले, वर वाचाही काढून घेतली. मूळचा गडी वकिलासारखा बोलतो.

बोलायला शिकतो कसा, तिथे मी अडकलो. एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात तो लपतो. फटीतून बघत भाषा उचलतो. रात्री त्या घरासाठी सरपण आणून टाकतो. एक दिवस हिय्या करून आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जाऊन बसतो, म्हातारा मायेने बोलतोही. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने बडवून काढतो.

शेत होतं तेव्हा आमच्याकडे सालदार असायचा. खळ्यातच निजायचा. त्याची कान तुटलेली कपबशी वेगळी, ओट्याच्या कोनाड्यात. हाकही 'सालदार' अशीच. परवा त्याचं नाव आठवायला बसलो. नाही आठवलं.

भस्मासुराने वर मिळताच देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धाव घेतली. याने माया मागितली, काठी मिळाली. पुढे तो एका अजाण पोराचा गळा दाबतो, ते मी झाकत नाही. पण त्यानंतरही तो आपल्या कर्त्याकडे मागतो काय, तर आपल्यासारखीच एक जोडीदारीण.

दुरुस्ती छापणार असाल तर नुसतं नाव बदलून भागणार नाही, भस्मासुरही काढावा.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. शिरपूर, जि. धुळे