आई-आण्णा, बाळू सध्या लासलगावातच राहणार आहे

आई, आण्णा,

फोनवर हे बोलणं होत नाही. आई मधेच रडायला लागते आणि आण्णा तुम्ही "ठेवतो" म्हणून ठेवून देता. म्हणून लिहून पाठवतेय. शेजारच्या पोरीकडून वाचून घेऊ नका, घरातलं घरात राहू दे. आण्णा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, सगळं, मधलं गाळायचं नाही.

बाळूला मी घरी आणत नाहीये. ठरलंय. यांच्याशी बोलून, डॉक्टरांना विचारून आणि सगळ्यात आधी त्याला विचारून ठरवलंय. मामांना पण कळवून टाकलं की ती लातूरची नोकरी दुसऱ्या कुणाला द्या. मामा चिडले, चिडू देत. तुम्हाला वाटेल चालून आलेली नोकरी अक्कीने लाथाडली, पण मी मामांचं नाव काढलं तेव्हा त्याचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. "अजून एक उपकार का" एवढंच म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला, नंतर कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. परत हरवला तर शोधायचा कुठं? म्हणून नाही म्हणाले. मामा वाईट नाहीत, मला माहितीय. पण मामा नोकरी देतील आणि मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगत फिरतील की मी लावला बाळूला, हे तुम्हाला पण माहितीय.

आता तो कसा आहे ते सांगते. आईचा जीव तिथंच अडकलाय. कांद्याच्या खळ्यावर कामाला आहे, त्याच्याच मागं पत्र्याची खोली आहे, तिघं जण राहतात, फॅन आहे, मी गादी आणि पाण्याचा माठ नेऊन ठेवलाय (गादीचे पैसे त्याने दिले, त्यावर येते पुढं). सकाळचा चहा मालकाच्या घरून येतो, दुपारी निवडीवरच्या बायका भाकरी-कोरड्यास देतात. इकडं बाजरीच जास्त, ज्वारीची भाकरी मिळत नाही एवढी एकच त्याची तक्रार. तक्रार करायला लागलाय म्हटल्यावर मला तर बरंच वाटलं. आधी गोण्या शिवायचा, आता मालकाने त्याला हिशोबाला बसवलंय, कारण त्याचा आकडा चुकत नाही. उन्हाळ कांदा यायला लागलाय त्यामुळे गर्दी आहे. गोल्टी कुठली, मोठा माल कुठला हे मला असा समजावून सांगत होता जसा लहानपणी नकाशात नद्या दाखवायचा.

आण्णा, तुम्ही सारखं विचारता की आम्ही त्याला काय कमी केलं. काही कमी केलं नाही हो. मी त्याची वही बघितली. उशाखाली दोनशे पानी वही आहे, वर "आण्णा" लिहिलंय आणि पुण्याला गेल्यापासून तुम्ही पाठवलेला एकेक रुपया त्यात आहे. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, प्रत्येक पानाखाली बेरीज आणि ती पुढच्या पानावर ओढलेली. आई, चिवड्याच्या डब्यात तू कागदात गुंडाळून लपवलेले ५०० पण आहेत, कंसात "आईचे" म्हणून. म्हशीची ओळ आहे. तिच्यापुढं आकडा नाही, नुसतं प्रश्नचिन्ह.

ऑगस्ट २०२४ ला शास्त्री रोडवर पोरं रात्रभर रस्त्यात बसली होती, आई टीव्हीसमोर बसून त्याला गर्दीत शोधत होती. २५ ऑगस्टची एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढं गेली तेव्हा आपण सगळे म्हणालो, बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला. त्याला तो वेळ नको होता. एक महिना वाढला की परत भाडं, परत मेस, वहीत अजून चार ओळी. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षेचा पॅटर्न पण बदललाय, उत्तरं सविस्तर लिहून द्यायची, म्हणजे इतक्या वर्षांचा अभ्यास परत नव्याने. १ डिसेंबरला तो पेपर झाला तेव्हा आपला बाळू इथं गोण्या शिवत होता. मला म्हणाला, "अक्का, मी घरात नुसता खर्च आहे. घरी आलो तर आण्णा परत पैसे देतील आणि मी परत घेईन." यावर मी काय बोलणार होते?

आई, तू जे विचारायचं टाळतेस ते मी त्याला सरळ विचारलं. हो, मधे तसले विचार येत होते. आता नाहीत म्हणतो, आणि डॉक्टरांना सगळं माहितीय, त्यामुळे तू रात्री उठून बसू नको. नाशिकच्या सिव्हिलला नेते त्याला. तिथं न्यायला पण किती नखरे, २०२३ पासून सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत म्हटल्यावर उलट हटून बसला की फुकटचं नको, तिथं गरजूंनी जावं. म्हटलं तू कोण मग, कलेक्टर? तेव्हा हसला. गोळ्या चालू आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्याने मोबाईलमधे "कांदा मार्केट" नावाने सेव्ह केलाय, खोलीतल्या पोरांना कळू नये म्हणून. असू दे, सेव्ह केलाय ना. पुण्यात जाऊन जबाब पण देऊन आलो, मिसिंगचं प्रकरण बंद झालं, त्याची काळजी मिटली.

आता पैशाचं. गादीचे त्याने दिले तसे तो मला दर महिन्याला १५०० देतो आणि मी घेते. त्याच्यासमोर मोजून घेते. हे म्हणाले, अगं लेकराकडून कसले पैसे घेतेस, पण पैसे दिले की त्या दिवशी तो आमच्याकडं पोटभर जेवतो आणि मुक्कामाला राहतो, नाहीतर चहा पण घेत नाही. पुढच्या महिन्यापासून तो ते आण्णांच्या फोनवर टाकणार आहे. आण्णा, ते घ्यायचे. "अरे कशाला" म्हणायचं नाही, दुप्पट करून माघारी पाठवायचे नाहीत, बँकेत त्याच्या नावावर तर अजिबात टाकायचे नाहीत. खर्च करा आणि त्याला सांगा, तुझ्या पैशाचं खत आणलं, तुझ्या पैशाने आईच्या गोळ्या आणल्या. एवढंच बोला. घरी कधी येतोस विचारू नका.

तुम्हाला जड जाणार मला माहितीय. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळचं शर्टाचं आजी सांगायचीच. कपड्यांचे ट्रक येत होते, अख्खं गाव रांगेत आणि तुम्ही त्याच एका शर्टावर. अडीचशे स्क्वेअर फुटाच्या घराची चावी घेतली पण फोटोला उभे राहिला नाहीत. मी टोमणा मारत नाहीये आण्णा, खरंच नाही. मला तर त्याचा अभिमानच वाटतो. फक्त बाळू कुणावर गेलाय ते सांगतेय.

आई, चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर आला नाही म्हणून तो कडब्याच्या गंजीमागं लपला होता बघ. तू भाकरी आणि गूळ तिथं ठेवून गुपचूप निघून आलीस. संध्याकाळी म्हणाला, मला भूक नव्हती, मांजराने खाल्ली. आणि गालाला गूळ लागलेला येड्याच्या. तू तेव्हा पण काही बोलली नाहीस, फक्त पदराने गाल पुसलास.

बरं. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, आठवण आली की नाही. ज्वारीचं पीठ पाठव, शेवया पण, पण पार्सल माझ्या नावाने टाक, मी थोडं थोडं देते त्याला. कुणी विचारलं तर बाळू नाशिकला बहिणीकडं आहे सांगायचं, खोटं नाही ते. आणि आपणहून तिकडं निघायचं नाही, तो बोलवेल तेव्हा मी स्वतः घेऊन जाते.

आण्णा, मोतीबिंदूचं पावसाळ्याच्या आत करायचंय. हे शनिवारी गाडी घेऊन येतायत, आईचे पण कपडे भरून ठेवा. खर्च किती विचारू नका. नको म्हणालात तर मी पण एक दोनशे पानी वही आणते, वर "आण्णा" लिहिते आणि ऑपरेशनपासून सुरुवात करते, मग बसा फेडत.

तुमची,
अक्की