यावलच्या मतदान केंद्रांचा जोडतक्ता : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

२००४ पासूनच्या विधानसभा निवडणुकांचे केंद्रनिहाय निकाल जोडून यावल तालुक्यातील मतांचा कल गावपातळीवर मांडण्याचे काम मी हाती घेतले होते. त्यासाठी कोणते जुने केंद्र नव्या कोणत्या केंद्राशी जुळते, हे दाखवणारा जोडतक्ता हवा होता. ते आपल्यामुळे मार्गी लागले, म्हणून हे पत्र.

मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेने खानदेशात केवढी उलथापालथ केली, हे आपण निवडणूक शाखेत बसून पाहिले आहे. यावल आणि पारोळा हे विधानसभा मतदारसंघ संपले, एरंडोल लोकसभा मतदारसंघ जाऊन रावेर आला, धुळे लोकसभेत मालेगाव आणि बागलाण दाखल झाले. यावल तालुक्याची गावे रावेर आणि चोपडा यांत वाटली गेल्यामुळे २००४ मधील एखादा केंद्र क्रमांक २००९ च्या यादीत भलत्याच गावाला लागलेला दिसतो. अशा वेळी जुन्या-नव्या हद्दी नकाशावर एकमेकींवर ठेवून क्षेत्रफळाच्या प्रमाणात मते वाटण्याची रीत आहे. परंतु तापीकाठच्या केळीच्या मळ्यांत मतदार राहत नाहीत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ते पाड्यापाड्यांत विखुरलेले आहेत, तेव्हा क्षेत्रफळ इथे फारसे उपयोगी नाही.

आपण मला नकाशा मिटवून मतदार यादीच्या प्रत्येक भागाचे (म्हणजे एकेका केंद्राच्या यादीचे) पहिले पान वाचायला लावलेत. त्या भागात कोणते गाव, कोणती वस्ती, किती मतदार आणि केंद्र कोणत्या शाळेत, हे तिथेच छापलेले असते. मतदार वाढले की एका केंद्राची दोन होतात, शाळेची इमारत मोडकळीस आली की केंद्र दुसरीकडे हलते. म्हणून क्रमांकाऐवजी जनगणनेतील गावाचा संकेतांक हाच दुवा धरावा, हा आपला आग्रह होता. किनगाव बुद्रुक आणि किनगाव खुर्द यांना संगणकाची अक्षरजुळणी खुशाल एकच गाव ठरवते. संकेतांकामुळे ती दोन्ही वेगळी राहिली. कोणत्या शाळेचे केंद्र कुठे हलले, हे मात्र कोणत्याच कागदावर एकत्र नव्हते. ते आपण आठवणीने सांगितलेत आणि मी ते जुन्या याद्यांशी ताडून घेतले.

आपला सर्वांत मोलाचा सल्ला होता, 'फोडू नका, जोडा.' एका केंद्रात दोन लहान गावे असतील, तर त्यांची मते अंदाजाने वेगळी करण्याऐवजी ती दोन्ही गावे सर्व वर्षांसाठी एकच गट मानावीत. याची किंमत आहेच: यावल आणि फैजपूर शहरांत याद्यांचे भाग इतक्या वेळा बदलले की अखेर प्रत्येक शहराचा एकच गट करावा लागला आणि मोहल्ल्यांतील फरक त्यात बुडाला. ज्यांना तोच फरक हवा आहे त्यांना हा तक्ता तोकडा वाटेल, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही कल्पित आकड्यांपेक्षा मला हे पत्करले. टपाली मते नमुना २० मध्ये, म्हणजे केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रकात, कोणत्याही केंद्रापुढे नसतात, ती शेवटी वेगळी मिळवलेली असतात. आपण सुचविल्याप्रमाणे त्यांची ओळ स्वतंत्र ठेवली, त्यामुळे बेरीज जाहीर निकालाशी जुळते की नाही हे दर वर्षी तपासता आले.

आता पारोळ्याचे काम याच रीतीने सुरू करीत आहे. तिकडील जुनी केंद्रे शाळांच्या नावांवरून ओळखू शकेल असे कोणी आपल्या परिचयाचे असल्यास कृपया कळवावे.

आपला नम्र,
जळगावचा एक अभ्यासक