टेबल सॉच्या ४५ अंशी स्लेडसाठी साहित्य आणि जाणकार हात हवेत

सुतारशाळेच्या सभासदांना आणि हितचिंतकांना आवाहन

फोटोफ्रेम, पेट्या आणि आरशांच्या चौकटींसाठी शाळेच्या टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर) ४५ अंशांत कापणाऱ्या दोन स्लेड, म्हणजे पट्टी धरून पात्यावरून सरकवायच्या पाट्या, बनवायच्या आहेत. रोख रक्कम नको. प्लायवूड, पट्ट्या, थोडे किरकोळ सामान आणि मोजमापाची नजर असलेली माणसे हवी आहेत.

यंत्रासोबतच्या मायटर गेजवर (खाचेत सरकणाऱ्या, कोन लावायच्या आधारावर) हे काम नीट होत नाही. तिरप्या कापात पाते पट्टीला कडेने ओढते, पट्टी कणभर सरकते आणि कोन जातो. एका चौकटीला आठ काप लागतात. प्रत्येक काप त्याच बाजूला पाव अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंश साठतात. ५० मिमी रुंद पट्टीत ती सुमारे अडीच मिमीची फट दिसते. आणि कोन बरोबर असूनही समोरासमोरच्या पट्ट्यांच्या लांबीत फरक असेल तरी जोड मिटत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना सरकता स्टॉप ब्लॉक, म्हणजे पट्टीची लांबी ठरवणारा अडसर, बसवणार आहोत.

सगळी मदार एका तुकड्यावर आहे: १८ मिमी प्लायचा अखंड काटकोनी त्रिकोण. त्याचे काटकोनाचे टोक पात्याच्या रेषेवर, कामगारापासून दूर. पट्ट्या त्याच्या दोन बाजूंना टेकवायच्या. कोपरा खरोखर ९० अंश असेल, तर त्रिकोण किंचित फिरलेला बसला तरी चालते. डावा काप ४४.८ अंश आला तर उजवा ४५.२ येतो, बेरीज ९०च. अट एकच, जोडातली एक पट्टी डावीकडे आणि दुसरी उजवीकडे कापायची. म्हणून कारखान्यातून आलेला, न ठेचलेला प्लायचा कोपरा आम्हाला सगळ्यात मोलाचा. देण्याआधी तपासा: सरळ कडेला कोपरा लावून रेघ मारा, तुकडा उलटा करून तिथेच दुसरी रेघ मारा. रेघा फाकल्या तर चूक दिसते त्याच्या निम्मी असते.

तळासाठी ६०० × ६०० मिमीचे, १२ मिमी जाडीचे, पीळ नसलेले दोन तुकडे हवेत. जाड तळ घेतला तर कापाची खोली तेवढी कमी होते. रनर म्हणजे तळाखाली बसवलेली, यंत्राच्या टेबलातल्या खाचेत सरकणारी पट्टी. आमची खाच १९ मिमी रुंद आणि ९.५ मिमी खोल आहे, पट्टी ८.५ मिमी जाड हवी, नाहीतर ती खाचेच्या बुडाला घासते. लाकूड दिलेत तर कडक, सरळ रेषेचे, टोकाकडून पाहिल्यावर वार्षिक रेषा उभ्या दिसणारे द्या. दमट हवेत ते रुंदीत कमी फुगते. ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर उत्तमच. स्क्रूसाठी आधी भोक पाडूनच घेऊ, कारण थेट घुसवलेला स्क्रू लाकडाला कडेने फुगवतो आणि रनर अडकतो.

याशिवाय पट्टी दाबून धरणारे चार टॉगल क्लॅम्प (दांडा दाबून बसणारे शिकंजे), त्रिकोणाच्या कडांना चिकटवायला १२० नंबरचा सँडपेपर, पेस्ट मेण (सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडावर बसला की पॉलिश धरत नाही), पात्यावरच्या आवरणासाठी ६ मिमी पॉलिकार्बोनेट आणि मागच्या बाजूला पाते झाकणारा जाड ठोकळा लागेल. पाते तिथून बाहेर येते, हात नेमके तिथेच असतात. हा ठोकळा बसल्याशिवाय स्लेड वापरायला देणार नाही.

भिजून फुगलेला एमडीएफ, वाकलेला प्लाय, खिळे मारलेले जुने लाकूड कृपया आणू नका.

रनर बसवण्याच्या दिवशी खात्रीचा गुण्या आणि डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) असलेले दोघे-तिघे लागतील. पाते खाचेला समांतर आहे का, हे आधी तपासायचे आहे. ते तिरके असेल तर कापाला जळाल्याच्या खुणा येतात आणि स्लेड कितीही अचूक असली तरी उपयोग नाही. सामान शाळेच्या वेळेत आणून द्या, तुकड्यावर जाडी आणि माप लिहा, आणि येणाऱ्यांनी फळ्याजवळच्या वहीत नाव नोंदवा.